लाकडी की सिंथेटिक? शिकारी रायफलचा स्टॉक निवडायचा आणि बसवायचा कसा

थँक्सगिव्हिंग तीन आठवड्यांवर आलं की पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला: "दादा, माझ्या रायफलला लाकडी स्टॉक आहे. सिंथेटिक टाकून घेऊ का?" मी उलट विचारतो, का बदलायचा आहे? कुणी म्हणतं नेम सरकतो, कुणी म्हणतं जड होते, कुणाला दुकानदाराने सांगितलेलं असतं. मग घाईघाईने नवा स्टॉक येतो, शनिवारी हरणाच्या शिकारीचा सीझन उघडायच्या आदल्या रात्री बसवला जातो, आणि रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) न जाताच माणूस जंगलात शिरतो. त्यात जखमी होऊन पळतं ते हरिण. म्हणून ही सगळी पद्धत एकदा सविस्तर लिहून काढतोय.

स्टॉक म्हणजे रायफलचा दस्ता, आणि सिंथेटिक म्हणजे प्लॅस्टिकचा किंवा फायबरग्लासचा. इथे सगळे स्टॉकच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. पुढचं सगळं बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलबद्दल आहे (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे करावा लागतो ती), कारण व्हाइटटेल हरणासाठी आपल्यातले बहुतेक जण तीच वापरतात.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. लाकूड की सिंथेटिक हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, स्टॉक तुमच्या अंगाला बसतो का. दुसरा, रायफलचं लोखंड त्या स्टॉकमध्ये नीट बसलंय का. या दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय तिसऱ्याला हात घालू नका. निम्म्या लोकांना पहिल्या दोन पायऱ्यांनंतर नवा स्टॉक घ्यावाच लागत नाही, हा माझा अनुभव आहे.

## सुरुवातीआधी: कायद्याचं थोडक्यात

अमेरिकेत कायद्याच्या दृष्टीने बंदूक म्हणजे रायफलची अ‍ॅक्शन, म्हणजे रिसीव्हर, बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी भाग. स्टॉक नव्हे. त्यामुळे बोल्ट-अ‍ॅक्शनचा नुसता स्टॉक घरपोच मागवता येतो. सेमी-ऑटोमॅटिक रायफल असेल तर काही राज्यांत अंगठ्याच्या भोकाचा किंवा पिस्तुलासारख्या मुठीचा स्टॉक लावल्याने ती वेगळ्याच कायद्याखाली येऊ शकते. तिथे आधी राज्याचे नियम वाचा.

सावधान: एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्याला असलेला अपवाद आहे. परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. शंका असेल तर मित्राला विचारू नका, वकिलाला विचारा.

सावधान: जुना स्टॉक "गावी काकांच्या बंदुकीला होईल" म्हणून बॅगेत टाकून भारतात नेऊ नका. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही येतात. आणि शिकारीवर तिकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, तेव्हा या लेखाचा उपयोग इकडच्याच जंगलापुरता.

## १. रायफल रिकामी करा

मॅगझिन काढा. बोल्ट मागे ओढा. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून चाचपा. बोल्ट पूर्ण बाहेर काढून बाजूला ठेवा. काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. पुढची प्रत्येक पायरी सुरू करताना हे पुन्हा करा, मधे चहाला उठला असलात तरी.

## २. स्टॉक तुमच्या मापाचा आहे का

इथे आपल्या लोकांची सर्वांत जास्त फसगत होते. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक रायफलींमध्ये ट्रिगरच्या पुढच्या कडेपासून दस्त्याच्या मागच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. ते सरासरी उंचीच्या अमेरिकी माणसाला बेतून ठेवलेलं आहे. साडेपाच फुटांच्या माणसाला अनेकदा तेरा किंवा त्याहूनही कमी इंच लागतात. त्यात दुकानात आपण टी-शर्टवर रायफल खांद्याला लावून बघतो, आणि प्रत्यक्षात डिसेंबरमध्ये अंगात थर्मल, स्वेटर, जाड जॅकेट आणि वर नारिंगी व्हेस्ट असतो. खांद्याची जाडीच इंचभर वाढलेली असते.

अशी तपासणी करा:

जंगलात घालता तेच सगळे कपडे घाला. रिकामी रायफल सुरक्षित दिशेला धरा. डोळे मिटा. रायफल सहज खांद्याला लावा, गाल टेकवा, मान ओढूनताणून नव्हे. आता डोळे उघडा. स्कोपमधलं चित्र पूर्ण, गोल आणि काठोकाठ दिसलं पाहिजे.

काळी कड दिसली आणि डोकं पुढे सरकवल्यावर ती गेली, तर स्टॉक तुम्हाला लांब आहे किंवा स्कोप फार पुढे लावलाय. गाल स्टॉकवरून उचलल्याशिवाय चित्र दिसत नसेल, तर गाल टेकायची कड तुमच्यासाठी खाली आहे. नाक आणि ट्रिगरवरच्या हाताचा अंगठा यांच्यात दोन-तीन बोटं अंतर हवं. त्याहून कमी असेल तर धक्क्याने अंगठा नाकावर येतो. ज्याला एकदा लागलाय त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

लाकडी स्टॉक मागून कापून, नवं रबर पॅड बसवून आखूड करता येतो. गनस्मिथ, म्हणजे बंदुकांचा कारागीर, हे काम नीट करतो. साच्यात ओतलेले स्वस्त सिंथेटिक स्टॉक मात्र आतून पोकळ असतात. कापले की मागे पॅडचा स्क्रू धरायला काहीच उरत नाही. म्हणून लहान चणीच्या माणसाने स्वस्त सिंथेटिक घेताना लांबी कमी-जास्त करायच्या चकत्या मिळतात का ते आधी बघावं. सॅव्हेजच्या अ‍ॅक्युफिट स्टॉकमध्ये लांबी आणि गालाची उंची दोन्ही बदलता येतात.

तपासा: लांबी बदलली की डोळा आणि स्कोप यांच्यातलं अंतरही बदलतं. स्कोप पुन्हा पुढे-मागे करावा लागेल. हे न केल्यामुळे भुवई फुटलेली माणसं मी रेंजवर पाहिली आहेत.

## ३. आहे त्या स्टॉकमध्ये दोष कुठे आहे ते शोधा

नवा घेण्याआधी जुन्याची नाडी बघा.

नोटेची चाचणी. एक डॉलरची नोट घ्या, बॅरलखालून गुंडाळा आणि दोन्ही टोकं धरून स्टॉकच्या टोकापासून अ‍ॅक्शनच्या दिशेने सरकवा. बॅरल मोकळी असेल तर नोट न अडखळता चेंबरजवळ पोहोचते. अडकली तर तिथे स्टॉक बॅरलला टेकलाय.

माझी गोष्ट सांगतो. पॉटर काउंटीत दुसऱ्या वर्षी मी अक्रोडाचा स्टॉक घेऊन गेलो होतो. दोन दिवस बर्फमिश्रित पाऊस. तिसऱ्या सकाळी ऐंशी यार्डांवर मादी उभी होती, आडवी, शांत, आणि माझी गोळी तिच्या अंगाला शिवलीही नाही. ती बचावली याचं मला आजही बरं वाटतं. त्या दिवशी दुपारी रेंजवर कागद लावला, तर शंभर यार्डांवर गोळ्या चार इंच डावीकडे. घरी आणून नोट सरकवली. ती जेमतेम दोन इंच गेली आणि उजव्या बाजूला अडकली. बॅरल काढून पाहिली तर स्टॉकमध्ये बॅरल बसते त्या खाचेच्या उजव्या भिंतीवर अंगठ्याच्या नखाएवढा भाग घासून काचेसारखा चकचकीत झाला होता, बाकी लाकूड मात्र मॅट. ऑक्टोबरमध्ये याच जागेतून नोट सरळ गेली होती.

कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. जुलैमध्ये देवघराचं दार फुगतं, चौकटीला घासतं, ढकलून लावावं लागतं, आणि दिवाळीपर्यंत आपोआप मोकळं होतं. स्टॉकचं लाकूड हेच करतं. रेषेच्या दिशेने ते जवळजवळ वाढत नाही, पण रेषेला आडवं फुगतं आणि आकसतं. म्हणून लांबी तीच राहते आणि भिंती मात्र बॅरलकडे झुकतात. उलट जानेवारीत हीटरच्या कोरड्या घरात तेच लाकूड आकसतं आणि स्क्रू सैल पडतात.

दाबून बघा. एका हाताने बॅरल आणि स्टॉकचं पुढचं टोक एकत्र धरून चिमटीत दाबा. स्टॉक सहज वाकून बॅरलला टेकला, तर बायपॉड (पुढचा दोन पायांचा आधार) लावल्यावर किंवा गोळी झाडताना पट्टा ताणल्यावरही तो टेकणारच. ही उणीव लाकडापेक्षा पोकळ, साच्यात ओतलेल्या सिंथेटिकमध्ये जास्त दिसते. "सिंथेटिक म्हणजे नेम पक्का" असं मानणाऱ्यांनी ही चाचणी दुकानातच करावी.

स्क्रू सैल करून बघा. बॅरल आणि स्टॉकचं टोक यांच्या फटीवर बोट ठेवा आणि पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू हळू सैल करा, मग पुन्हा आवळा. बोटाला बॅरल हललेली जाणवली तर अ‍ॅक्शन पिळवटून बसवलेली आहे. तिला स्टॉक बदलण्याची नव्हे, बेडिंगची (आठवी पायरी बघा) गरज आहे.

अ‍ॅक्शनच्या शेपटीमागे बघा. रिसीव्हरचं मागचं टोक जिथे संपतं त्याच्या मागे लाकडात केसाएवढी चीर आहे का? असेल तर गोळीचा धक्का योग्य जागी न बसता त्या शेपटीवर बसतोय. अशा स्टॉकने आणखी गोळ्या झाडू नका. आधी गनस्मिथला दाखवा.

सावधान: काही कारखानी लाकडी स्टॉकमध्ये, उदाहरणार्थ रेमिंग्टन ७०० बीडीएलच्या जुन्या रायफलींमध्ये, टोकाजवळ बॅरलला खालून आधार देणारा उंचवटा मुद्दाम ठेवलेला असतो. नोट तिथे अडते म्हणून तो घासून टाकू नका. आधी रेंजवर ग्रुप, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडतात ते, बघा. चांगला येत असेल तर त्याला हात लावू नका. हा उंचवटा दोन्ही बाजूंना सारखा आणि टोकाशीच असतो. दोष असेल तर तो एका बाजूला आणि अचानक कुठेतरी असतो.

## ४. आता साहित्य निवडा

पहिल्या तीन पायऱ्यांनंतरही नवा स्टॉक हवाच असेल, तर आता लाकूड-सिंथेटिकचा विचार करा. बाजारात खरं तर दोन नव्हे, चार प्रकार आहेत, आणि त्यांना दोनात कोंबलं की निवड चुकते.

अखंड लाकूड. बहुतेक अक्रोड, अमेरिकी काळा किंवा काश्मिरात होतो त्याच जातीचा. कधी बीच. हातात धरायला थंडीत याच्याएवढं सुखाचं काही नाही, उणे दहा अंशांत प्लॅस्टिक बोटं बधिर करतं. फांदीला घासलं तरी आवाज दबका येतो. ओरखडा पडला तर घासून पुन्हा तेल लावता येतं. मात्र ओल धरतं.

लॅमिनेट. बर्चच्या पातळ पट्ट्या राळेत भिजवून, दाबाखाली चिकटवलेला ठोकळा. ओल फार कमी धरतं, वाकत नाही, आणि लाकडाची ऊब राहते. तोटा वजनाचा. अक्रोडापेक्षा पाव ते अर्धा पाउंड जास्त भरतं. झाडावरच्या मचाणात बसून शिकार करणाऱ्याने, ज्याला दिवसभर रायफल खांद्यावर वागवायची नाही, डोळे झाकून लॅमिनेट घ्यावं. साउथ डकोटातले बॉइड्स पट्टीचा रंग, लांबी आणि खाच ठरवून स्टॉक बनवून देतात आणि किंमत खिशाला परवडते. मी नवख्यांना पहिल्यांदा हेच सुचवतो.

साच्यात ओतलेलं सिंथेटिक. काचतंतू मिसळलेलं नायलॉन किंवा तत्सम प्लॅस्टिक. दुकानातल्या स्वस्त रायफलींवर हेच असतं. पाण्याने फुगत नाही. पण पोकळ असल्याने काटकी आपटली की डबा वाजवल्यासारखा आवाज येतो, आणि पुढचं टोक मऊ असतं. सगळीच तशी नाहीत. कठीण आणि नीट बनवलेलीही मिळतात. म्हणून तिसऱ्या पायरीतली दाबायची चाचणी करूनच घ्या.

हाताने थर देऊन बनवलेलं फायबरग्लास किंवा कार्बन फायबर. मॅकमिलन, एच-एस प्रिसिजन, मॅनर्स ही नावं तुम्ही ऐकली असतील. कठीण, हलकं, हवामानाचा परिणाम नाही. एच-एस प्रिसिजनमध्ये अ‍ॅक्शन बसायला आतून अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा असतो. किंमत बरीच जास्त. कोलोरॅडोत एल्क या मोठ्या हरणासाठी दहा हजार फुटांवर चढणाऱ्याला हे पैसे वसूल वाटतील. आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या टेकड्यांसाठी मला तो खर्च गरजेचा वाटत नाही.

निवडताना स्वतःला हे विचारा. दिवसभरात किती चालता? ओल्यात किती तास असता? गाडीत, मचाणावर चढताना, खडकांत रायफल किती आपटते? आणि सर्वांत महत्त्वाचं, घरी आल्यावर रायफल उघडून वाळवायची तुमची सवय आहे का? खरं उत्तर द्या. ज्याला दमून आल्यावर रायफल कोपऱ्यात उभी करून झोपायची सवय आहे, त्याने अखंड लाकूड घेऊ नये.

वजनाची चूक. हलकं म्हणजे चांगलं असं सरसकट धरू नका. रायफल जितकी हलकी तितका धक्का जास्त. आठ पाउंडांची रायफल सातवर आणली, तर तेच काडतूस खांद्याला साधारण १४ टक्के जास्त ऊर्जेने मारतं. ६.५ क्रीडमोर काडतुसात ते चालून जाईल. .३०-०६ मध्ये नवखा माणूस दचकायला लागतो, ट्रिगर झटकतो, आणि मग नेम बिघडल्याचा दोष स्टॉकला देतो.

सिंथेटिकबद्दलची मोठी चूक. "आता काळजी मिटली." स्टॉक गंजत नाही, पण बॅरल गंजते. उलट सिंथेटिकच्या खाचेत शिरलेलं पाणी कुठेच मुरत नाही, ते बॅरलच्या पोटाला लागून तिथेच राहतं. बाहेरून चकाचक रायफल मार्चमध्ये उघडली आणि आत तांबूस गंजाचा पट्टा, असं मी एका मित्राच्या रायफलमध्ये पाहिलंय. पूर्ण हिवाळा त्याने ती एकदाही उघडली नव्हती.

## ५. मागवताना जुळवायच्या गोष्टी

परत पाठवाव्या लागणाऱ्या स्टॉकचं कारण शंभरातल्या नव्वद वेळा यातलंच असतं. रायफल समोर ठेवा आणि कागदावर लिहून काढा:

- अ‍ॅक्शनचं नेमकं मॉडेल, आणि ती शॉर्ट की लाँग. .३०८ आणि ६.५ क्रीडमोर शॉर्टमध्ये येतात, .३०-०६ आणि .२७० लाँगमध्ये.
- बॅरलची जाडी, म्हणजे काँटूर. बारीक बॅरलच्या खाचेत जाड बॅरल बसत नाही. उलट बसते, पण फट पसरट दिसते आणि त्यात पाला, बर्फ भरतो.
- मॅगझिनचा प्रकार. खालून बंद, बिजागरीच्या झाकणाचं, की काढता येणारं. तिन्हींना खालची खाच वेगवेगळी लागते.
- डावखुरे असाल तर डावी अ‍ॅक्शन आणि डावा गाल.
- ट्रिगर मूळचा की बदललेला.

## ६. लाकूड किंवा लॅमिनेट असेल तर आधी आतून बंद करा

लाकडी स्टॉक बाहेरून कितीही चकचकीत असो, पाणी मुख्यतः तिथून शिरत नाही. ते शिरतं आतल्या खाचेतून, स्क्रूच्या भोकांतून आणि मागच्या रबर पॅडखालच्या उघड्या टोकातून. तिथे लाकडाच्या नळ्या आडव्या कापलेल्या असतात आणि त्या पाणी स्ट्रॉसारखं ओढून घेतात. कारखानेही इथे अनेकदा कंजूषपणा करतात.

पॅड काढा. टोकावर, खाचेत आणि भोकांच्या आतल्या भिंतींवर पातळ पॉलियुरेथेनचा हात द्या. मुरू द्या, पुसा, वाळू द्या. असे तीन हात. नुसतं जवसाचं उकळलेलं तेल बाहेरून सुंदर दिसतं, वासही आपल्या जुन्या सुताराच्या कारखान्यासारखा येतो, पण ओल अडवायला ते पुरेसं नाही. बाहेरून तेल, आतून पॉलियुरेथेन, अशी जोडी मी ठेवतो.

तपासा: बॅरलच्या खाचेत थर फार जाड दिला तर बॅरल पुन्हा टेकते. पूर्ण वाळल्यावर नोट पुन्हा सरकवा.

सावधान: तेलाने भिजलेले फडके चोळामोळा करून टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपणहून पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मगच टाका.

## ७. बसवण्याचा क्रम

रायफल रिकामी असल्याची पुन्हा खात्री करा. बोल्ट बाहेर. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) हवाच, अंदाजाने आवळू नका. योग्य मापाचा ड्रायव्हर नसेल तर थांबा, खराब झालेला स्क्रू काढायला नंतर तिप्पट वेळ जातो.

अ‍ॅक्शन नव्या स्टॉकमध्ये हलकेच ठेवा. आपल्या वजनाने ती खाली बसली पाहिजे. दाबून, ठोकून बसवायची वेळ आली तर कुठे अडतंय ते आधी शोधा. मॅगझिनची पेटी खाली-वर किंचित हलली पाहिजे. ती अडकून बसली असेल तर स्क्रू अ‍ॅक्शनऐवजी पेटीला आवळतील आणि ग्रुप कधीच जमणार नाही. हा दोष इतका सामान्य आहे आणि इतक्या क्वचित कुणाच्या लक्षात येतो, की मी प्रत्येकाला पेटी बोटाने हलवून दाखवायला लावतो.

दोन्ही स्क्रू हाताने तीन-चार आटे फिरवा. आता रायफल दस्त्यावर उभी करा आणि दस्ता जमिनीवरच्या पायपुसण्यावर हलका आपटा. त्याने रिकॉइल लग, म्हणजे अ‍ॅक्शनखालचा तो जाड दात, मागच्या भिंतीला नीट टेकतो. तशीच उभी ठेवून आधी पुढचा स्क्रू, मग मागचा, थोडा-थोडा आळीपाळीने आवळत न्या.

किती आवळायचं ते स्टॉक बनवणाऱ्याने दिलेलं असतं, तोच आकडा धरा. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्याच्या स्टॉकला ६५ इंच-पाउंड हा आकडा नेहमीचा आहे. उघड्या लाकडाला तेवढं दिलं तर लाकूड चेपतं, पुढच्या महिन्यात स्क्रू पुन्हा सैल. तिथे आकडा बराच कमी असतो.

आता ही चार कामं करून बघा:

बोल्ट घाला आणि पुढे-मागे करा. स्क्रू आवळल्यावर बोल्ट अडायला लागला तर एखादा स्क्रू लांब आहे आणि तो वर येऊन बोल्टला लागतोय. बोल्ट बंद केल्यावर त्याची मूठ स्टॉकला टेकत नाही ना ते बघा, मधे कागद सरकला पाहिजे. सेफ्टी पुढे-मागे करा. रिकाम्या रायफलवर, सेफ्टी लावलेली असताना ट्रिगर ओढा, मग ट्रिगर सोडून सेफ्टी काढा. घोडा पडता कामा नये. आणि शेवटी पुन्हा नोट.

सावधान: ट्रिगरची पेटी लाकडाला घासत असेल किंवा सेफ्टी अडखळत असेल, तर ती रायफल रेंजवरही नेऊ नका.

## ८. बेडिंग, गरज असेल तरच

अ‍ॅक्शन आणि स्टॉक यांच्यातल्या बारीक फटी इपॉक्सीने भरून तंतोतंत साचा करायचा, याला बेडिंग म्हणतात. अ‍ॅल्युमिनियम ठोकळ्याच्या स्टॉकला बहुधा लागत नाही. अखंड लाकडाला फार उपयोगी पडतं, कारण मग ओल आली तरी अ‍ॅक्शन बसायची जागा सरकत नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर गनस्मिथकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. स्वतः करायचं ठरवलंच, तर हे विसरू नका: लोखंडाच्या प्रत्येक भागावर सुटं करणारं मेण किंवा रिलीज एजंट, दोनदा. प्रत्येक भोक आणि कोपरा मुलांच्या खेळायच्या क्लेने बंद. रिकॉइल लगच्या पुढच्या, खालच्या आणि बाजूच्या कडांवर टेप लावा, म्हणजे फक्त मागचा चेहरा इपॉक्सीला टेकेल. स्क्रू फार आवळू नका, साचाच पिळवटतो. चोवीस तास हात लावू नका. मेण लावायला विसरलेली अ‍ॅक्शन स्टॉकला कायमची चिकटते. अर्धवट चिकटली असेल तर रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवल्यावर कधीकधी सुटते.

स्वस्त प्लॅस्टिकच्या स्टॉकला इपॉक्सी नीट धरत नाही. आधी खरवडून, बारीक भोकं पाडून तिला पकड द्यावी लागते.

## ९. रेंजवर

स्टॉक बदलला म्हणजे जुना झीरो, म्हणजे स्कोपचा जुळवून ठेवलेला नेम, गेला. एक इंचही बदलला नसेल असं गृहीत धरू नका.

स्कोपच्या रिंगा आधी तपासा. शिकारीला वापरणार तेच काडतूस वापरा. पंचवीस यार्डांवर कागदावर आणा, मग शंभरवर जा. तीन गोळ्यांचा ग्रुप, बॅरल हाताला कोमट लागेपर्यंत थांबा, पुन्हा तीन. एका वेळी एकच गोष्ट बदला. टॉर्क, स्कोप आणि काडतूस तिन्ही एकाच दुपारी बदलणाऱ्याला संध्याकाळी काहीच कळलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन थंड बॅरलची एकच गोळी झाडा. तिच्या शेजारी तारीख आणि तापमान लिहा. असे पाच-सहा दिवस झाले की खरी रायफल कळते, कारण हरणावर तुम्ही पहिली, थंड गोळीच झाडणार असता. यातला एक दिवस मुद्दाम पावसाचा निवडा. लाकडी स्टॉकवाल्याने तर हे टाळूच नये.

## १०. सीझनमध्ये

ओल्यातून आल्यावर बोल्ट काढा, बॅरल पुसा, स्टॉक पुसा. फायरप्लेस किंवा हीटरच्या झरोक्याजवळ ठेवू नका, लाकूड एका बाजूने वाळून पिळवटतं. खोलीच्या साध्या हवेत, आडवी ठेवा. दिवसभर भिजली असेल तर अ‍ॅक्शन काढून खाच पुसा आणि बॅरलच्या पोटाला तेलाचा पातळ हात द्या, स्टॉक लाकडी असो की सिंथेटिक. पुन्हा बसवताना सातव्या पायरीचाच क्रम आणि तोच टॉर्क. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी जंगलात जाण्याआधी एक गोळी कागदावर झाडा. कॅम्पवर रेंज नसेल, तर सीझनच्या मधे अ‍ॅक्शन उघडू नका. बाहेरून पुसा, खाचेत टिश्यूची पट्टी सरकवून पाणी टिपून घ्या आणि रोज सकाळी निघण्याआधी नोट सरकवून बघा. अडली, तर त्या दिवशी लांबची गोळी झाडायची नाही.